डावं पेडल

"ताई, तुमचा डावा पाय करतो काय?"

सायकल सीट-हँडलवर उलटी उभी करून काका पेडल फिरवत होते. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आमच्या बिल्डिंगपासून दोन गल्ल्या सोडून त्यांचं दुकान. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी, पाण्याचं घमेलं, हवेचा पंप आणि खिळ्यांना लटकलेले टायर. चेन करकरते म्हणून मी गेले होते. काकांनी चेनवर दोन थेंब तेल सोडलं आणि मग बराच वेळ पेडलंच बघत बसले. उजव्या पेडलचं रबर मधोमध पार गुळगुळीत झालं होतं. डाव्याचे दाणे कालच बसवल्यासारखे.

"काका, त्या पायाचा गुडघा गेलाय माझा. जुनं दुखणं आहे."

"दुखणं असू दे हो. पण हा विदाउट चाललाय."

लोकलमध्ये अर्धं आयुष्य काढलेल्या बाईला याहून स्पष्ट कुणी काय सांगणार? उजवा पाय तिकीट काढून बसलाय आणि डावा त्याच्या आडून फुकट प्रवास करतोय. चार वर्षं. आणि मी भेटेल त्याला सांगत सुटले होते की सायकलवर बसलं की माझे दोन्ही पाय सारखे होतात.

गुडघ्याची गोष्ट 1995 सालची. दहावीत होते, शाळेच्या खो-खो संघात. संरक्षणात बरी होते, दोन-अडीच मिनिटं सहज काढायचे. एका सामन्यात खांबाजवळ हुलकावणी द्यायला डाव्या पायावर वळले. पाय मातीत रुतून राहिला, अंग वळलं आणि मधल्यामध्ये गुडघ्यात टक् असा आवाज झाला. मला ऐकू आला तसा खांबाशी उभ्या असलेल्या पंचांनाही आला, कारण शिट्टी वाजवायच्या आधी त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला कुणी शिवलंही नव्हतं. पुढे कधीतरी वाचलं की गुडघ्यातला हा लिगामेंट, म्हणजे दोन हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, बहुतेक वेळा असाच तुटतो, कुणाचा धक्का न लागता, वळताना नाहीतर उडी मारून जमिनीवर येताना. आणि मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त. त्या दिवशी एवढंच कळलं की संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा झालाय.

आईने हाडवैद्याकडे नेलं. तेल, पट्टी, आंबेहळदीचा लेप. मग एका डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि हाड शाबूत आहे, काही झालेलं नाही म्हणाले. हाड शाबूत होतंच. एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसत नाही, एवढं सांगायचं त्यांच्याकडून राहून गेलं, आणि आम्ही तरी काय विचारणार होतो? महिन्याभरात सूज उतरली, मी चालायला लागले. इथेच हा गुडघा फसवतो. सरळ चालताना काही जाणवत नाही. दार जागेवर असतं, फक्त खिट्टी गेलेली. घाईत प्लॅटफॉर्मवर उतरलं, ओल्या लादीवर पाय तिरका पडला, मागून कुणी हाक मारली म्हणून गर्रकन वळलं, की मांडीचं हाड एकीकडे आणि नडगी दुसरीकडे. आमच्या घरात त्याला नाव पडलं होतं. "काय गं, काय झालं?" "सटकला." दादरच्या पुलावर सटकला, मावसबहिणीच्या लग्नात सटकला, एकदा तर नुसती उशी उचलताना सटकला. 16 वर्षं असं चाललं आणि प्रत्येक वेळी दोन हाडांमधली गादी थोडी थोडी फाटत गेली.

2011 साली एमआरआय झाला, 2012 मध्ये ऑपरेशन. मांडीच्या मागच्या स्नायूंच्या दोन दोऱ्या काढल्या, त्यांना घडी घातली, हाडांना भोकं पाडून त्यातून ओवल्या आणि स्क्रूने पक्क्या केल्या. गादीचा फाटलेला तुकडा कापून टाकला. आतल्या कडेला रक्त पोचतच नाही, म्हणून तिथे शिवलेलं सहसा जुळून येत नाही, असं सर्जननी समजावलं. त्या तुकड्याचं मला उगाचच वाईट वाटलं. त्याची काही चूक नव्हती.

सायकल माझ्या आयुष्यात खरं तर तेव्हाच परत आली, पण चाकं नसलेली. फिजिओथेरपीच्या खोलीत खिडकीशी एक व्यायामाची सायकल होती. पेडलची पूर्ण फेरी व्हायची तर गुडघा साधारण 110 अंशांपर्यंत वाकावा लागतो. माझा शंभरीलाच अडून बसलेला. म्हणून अर्धी फेरी पुढे, अर्धी मागे, पाळण्यासारखं झुलवत बसायचं. रोज दहा मिनिटं. घाई करू नका, म्हणायच्या फिजिओ मॅडम. नवी दोरी शरीरात रुजताना पहिले दोन-तीन महिने आधी कमजोर होते आणि मग बळ धरते, हेही त्यांनीच सांगितलं. एका सकाळी पेडल नेहमीप्रमाणे वरच्या टोकाला जाऊन अडलं, थरथरलं, आणि पलीकडे गेलं. मी ओरडलेच. शेजारच्या पलंगावर खांदा शेकून घेणारे आजोबा दचकून उठले. "काय झालं?" "फिरलं," मी म्हटलं. त्यांना काय समजलं देव जाणे. पण त्यांनी टाळ्या वाजवल्या.

ऑपरेशनने सटकणं थांबलं. मांडी मात्र परत आली नाही.

मांडी घालता न येणं म्हणजे नेमकं काय, हे मराठी घरात राहिल्याशिवाय कळायचं नाही. सासरच्या गावी गणपतीनंतर सत्यनारायण होता, 2013 साली. पूजेला आम्ही दोघं. पाटावर बसले खरी, पण डावा पाय समोर लांब सोडावा लागला, आणि तो बरोबर चौरंगाकडे रोखलेला. गुरुजींनी दोनदा घसा खाकरला. "वहिनी, तेवढा पाय..." मी तिरकी झाले. मग तो पाय थेट आरतीच्या ताटाकडे. शेवटी सासूबाईंनी स्वतःच्या अंगावरची शाल काढली आणि पायावर टाकली, जणू तिथे काही नाहीच. सत्यनारायणाने पाचही अध्याय त्या झाकलेल्या उंचवट्याकडे बघत काढले असणार. नंतर जेवणाची पंगत बसली ती पडवीत आणि आम्हा खुर्चीवाल्यांचं टेबल पलीकडे. डायबेटिसवाले काका, कंबरेचा पट्टा बांधलेल्या आत्या आणि 33 वर्षांची मी. वाढणारी पोरं पानापानावर वाकत यायची आणि आमच्यापाशी पोचली की कंबर ताठ करून हुश्श करायची. त्या टेबलावर माझा उपयोग होता तो एवढाच.

दया कुणी केली नाही, उलट फार जपलं सगळ्यांनी. त्याचाच कंटाळा यायचा.

चाकांची सायकल आली ती 2020 मध्ये. मार्चमध्ये लोकल थांबल्या. जूनमध्ये आमची मुलुंडची पतपेढी उघडली, पण गाड्या फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी, आणि बसच्या रांगेत दीड-दीड तास. भाच्याची सायकल जिन्याखाली धूळ खात पडली होती. विक्रोळी ते मुलुंड सात-आठ किलोमीटर. पहिल्या दिवशी गेले ती शाळेत असताना चालवलेल्या सायकलीच्या आठवणीवर. पोचले तेव्हा तोंड लाल, कुर्ता ओला आणि गुडघा? गुडघ्याने चकार शब्द काढला नव्हता. घरच्या 54 पायऱ्या उतरताना रोज कुरकुरणारा गुडघा. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, तिसरा मजला. लोकांना वाटतं चढताना त्रास होत असेल. चढणं त्या मानाने बरं. उतरताना सगळं वजन धरून ठेवत मांडीचा स्नायू सैल सोडत जावा लागतो, ब्रेक दाबून उतारावरून टेम्पो आणावा तसा, आणि माझे ब्रेक घासलेले. सायकलवर वजन सीटवर जातं. पाय नुसते फिरतात. कुणी बघितलं तर मी लंगडते हे त्याला कळणारही नाही. मला तर वाटलं, सुटले.

तीन आठवड्यांनी वाटीच्या मागे दुखायला लागलं. पायरीवर नाही, खुर्चीतून उठताना. सायकल बंद कर, असा घरातून ठराव पास झाला. मी हवा भरायच्या निमित्ताने काकांकडे गेले, तेव्हाची आमची पहिली ओळख. त्यांनी माझं दुखणं ऐकून न घेता सांगितलं, "बसा बघू." मी बसले, दोन्ही तळवे जमिनीला टेकवून. "आता चालवा." चालवली. "गुडघे हँडलला लागतायत, ताई. सीट कुणी एवढी खाली केली?"

मीच केली होती. हायवेच्या कडेने बस, टँकर, डंपर अंगावर येत असताना दोन्ही पाय जमिनीला लागले पाहिजेत, ही माझी एकमेव अट होती. सीट खाली असली की जोर लावायच्या वेळी गुडघा जास्त दुमडलेला राहतो आणि वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. म्हणजे गुडघा दुखवला तो भीतीने, सायकलने नाही. काकांनी पाना लावला, दांडी वर ओढली. "टाच पेडलवर ठेवा. पेडल पार खाली न्या. पाय सरळ झाला? आता चवडा ठेवा." चवडा ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. फिजिओ मॅडम हेच कोनमापक लावून सांगतात, पेडल तळाला असताना 25 ते 35 अंश. काकांना अंश माहीत नाहीत, टाच माहीत आहे. सीट त्याहून वर नेली की मग गुडघ्याच्या मागची शीर ताणते, तेही मी करून बघितलं, उत्साहाच्या भरात.

सीट वर गेली आणि भीतीही. एकदम नको म्हणून दर आठवड्याला बोटभर वाढवत नेली. पुढच्या वर्षी स्वतःची सात गिअरची घेतली, तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी इतके दिवस किती जड चालवत होते. मिनिटाला 80 फेऱ्या मारायच्या म्हणजे तासात प्रत्येक पाय 4,800 वेळा दाबणार. मग प्रत्येक दाब हलकाच हवा. आधी मला वाटायचं हलका गिअर म्हणजे म्हातारपण. आता फ्लायओव्हरवर कॉलेजची मुलं उभी राहून, दात-ओठ खात मला ओलांडतात आणि मी शिवणयंत्र चालवल्यासारखी टकटकटक चढते.

मुंबईत गुडघ्याचा खरा शत्रू चढ नाही, सिग्नल आहे. थांबलेली सायकल पहिल्यांदा हलवायला जेवढा जोर लागतो तेवढा नंतर सपाटीवर कधीच लागत नाही. प्रत्येक लाल दिवा म्हणजे तो पहिला जोर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून तर वांद्रे-वरळी सागरी सेतू 2009 साली सुरू झाला तेव्हापासून मी त्याच्याकडे दुष्काळातल्या माणसाने ढगाकडे बघावं तशी बघते. ना सिग्नल, ना रिक्षा, ना गटाराची झाकणं. आणि सायकलला बंदी. 2024 मध्ये अटल सेतू झाला, जवळजवळ 22 किलोमीटर, तिथेही तेच. जे रस्ते माझ्या गुडघ्यासाठी बांधल्यासारखे आहेत, त्यांच्यावर नेमकी मीच चालत नाही. पवई तलावाच्या काठाने सायकल ट्रॅक होणार म्हटल्यावर मी हरखले होते. मे 2022 मध्ये उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला, भराव काढायला सांगितलं. गुडघ्याला वाईट वाटलं, पण मला विचाराल तर बरं झालं. माझ्या सोयीसाठी तलावातल्या मगरींनी सरकून घ्यावं, एवढी काही मी मोठी लागून गेले नाही.

रविवारी मी भांडुप पंपिंग स्टेशनला जाते. हायवेने पाच-सहा किलोमीटर. वारा फिरलेला असला तर कांजूरच्या कचऱ्याचा वास नाकात घेऊनच जावं लागतं, त्याला आम्ही सरावलोय. मग मिठागरं, खारफुटी, आणि थंडीपासून मेपर्यंत खाडीत रोहित पक्षी. ठाणे खाडीला फ्लेमिंगो अभयारण्य 2015 साली जाहीर झालं, पण आमच्या लहानपणी कुणी हा प्रकार बघायला जात असल्याचं आठवत नाही. तिकडे जायचं ते वासामुळे नाक दाबून. आता कॅमेरेवाले पहाटे पाचला हजर असतात. मी सायकल खांबाला टेकवते, थर्मासमधला चहा काढते आणि एका पायावर उभ्या राहिलेल्या त्या पक्ष्यांकडे बघत बसते. मला वाटायचं, काय गुडघा आहे हा, मागे वाकतो! मग तिथल्या एका पक्षीवाल्या काकांनी सांगितलं की तो गुडघा नाहीच. पायाच्या मधोमध दिसतो तो घोटा. खरा गुडघा वर पिसांत, अंगाशी लपवलेला असतो. काय शहाणे पक्षी.

तर ते पेडल.

काकांचं ऐकून आल्यावर दुसऱ्या दिवशीच फिजिओ मॅडमकडे गेले. आता नवीन मुलगी आहे तिथे, मला "काकू" म्हणते, तेही माफ केलं. तिने टेप काढली, वाटीपासून ठरावीक अंतरावर दोन्ही मांड्या मोजल्या. डावी अडीच सेंटीमीटर बारीक. मग सांगितलं ते असं, की सांध्याला इजा झाली, सूज आली की तिथून जाणाऱ्या निरोपांमुळे मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद शरीर आपणहून रोखून धरतं. सांधा वाचवायला. सूज उतरते, ऑपरेशन होतं, वर्षं जातात, पण कधी कधी तो हुकूम मागे घ्यायचं राहूनच जातं. स्नायूला वाटतं अजून संचारबंदी आहे. आणि सायकल याला सोयीची. दोन्ही पेडलं एकाच दांड्याला जोडलेली, एकाने ढकललं की दुसरं आपोआप वर येतं. एकच घोडा ओढतोय की दोन्ही, हे गाडी सांगत नाही.

तिने मला पुन्हा त्याच खिडकीतल्या सायकलवर बसवलं. सायकल नवी होती, खिडकी तीच. उजवा पाय स्टुलावर, डावा पट्ट्याने पेडलला बांधलेला. "आता एकट्याने." खाली गेला तो ठीक. तळाशी जाऊन पाय हरवला. खरंच सांगते, कुठे आहे तेच कळेना. मग झटका, मग खट्, मग पुन्हा अंधार. दहा फेऱ्यांत मांडी थरथरायला लागली. ज्या पायाने 54 पायऱ्या रोज दोनदा चढते, त्याला दहा फेऱ्या झेपेनात. मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. सिग्नलला मी कशी थांबते ते आठवलं. आपण डाव्या बाजूने चालवतो, फुटपाथ डावीकडे, म्हणून डावा पाय कडेवर टेकवते आणि निघताना पहिला जोर उजव्याचा. मला वाटायचं ती रस्त्याची सोय. सोय होतीच, पण डाव्या पायाचीही होती, आणि त्याने ती कुणालाही न सांगता पंचवीस-तीस वर्षं लावून घेतली होती. जिन्यावर कठडा धरणारा हात त्याचा, लोकलमधून उतरताना आधी पुढे जाणारा पाय त्याचा नाही, चूल-ओट्यापाशी उभं राहताना सगळं वजन उजव्यावर. मी त्याला जपते असं मला वाटत होतं. तो मला वापरत होता.

रागावले नाही मात्र. 15 वर्षांच्या मुलीचा पाय तो. तिला सांगितलं होतं की काही झालेलं नाही.

पेडलं बदलायला गेले तेव्हा काकांनी उजवं एका झटक्यात काढलं. डावं मी काढून बघते म्हटलं. पाना लावला, घड्याळाच्या उलट दिशेला सगळा जोर दिला. ढिम्म. काका हसत बसले. "डाव्याचे आटे उलटे असतात, ताई. त्याला सुलट फिरवा." सगळ्या सायकलींना असतात म्हणे, नाहीतर चालवता चालवता डावं पेडल आपोआप सुटून येईल. एवढी वर्षं पंक्चर काढणं, चेन चढवणं येतं म्हणून मिरवत होते आणि हे माहीत नव्हतं.

"जोडीच घ्या," काका म्हणाले. "डावं चांगलं आहे की अजून," मी म्हटलं. "एकटं कुठे मिळतं?" जोडी घेतली. जुनं डावं पेडल मात्र मागून घरी आणलं, गॅलरीत कुंडीशेजारी पडलंय. नवरा दोनदा भंगारात टाकायला निघाला होता.

हल्ली जाताना विक्रोळीच्या फ्लायओव्हरवर मी फक्त डाव्याचे दाब मोजते. मोजलं नाही की उजवा गुपचूप काम हातात घेतो, जुनी सवय, थोरल्या बहिणीसारखी. हलका गिअर, नजर समोर, डावा एक, डावा दोन. साधारण चाळिशीत कुठेतरी लक्ष उडतं, एखादा हॉर्न, पतपेढीतलं एखादं थकलेलं कर्ज, आणि पुन्हा भानावर येते तेव्हा उजवा घामाघूम. मग पहिल्यापासून.

परवा 53 पर्यंत गेले. तेवढ्यात मागून डंपर आला.